दिवा नव्हता

"तो मला दिसलाच नाही." त्या रात्री हे वाक्य मी चार ठिकाणी बोललो. रस्त्यावर जमलेल्या माणसांपुढे, दवाखान्यातल्या डॉक्टरांपुढे, फोनवर बायकोला आणि घरी आल्यावर आईला. पहिल्या तिन्ही ठिकाणी लोकांनी मान डोलावली. आईनं डोलावली नाही.

दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. डिसेंबरातली रात्र, साडेनऊ वाजून गेलेले. मी मेडिकल कॉलेजकडून मदन महलकडे घरी येत होतो. समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे डोळ्यांवर आले, मी डोळे बारीक केले, आणि डावीकडून धप्प असा आवाज आला. बाजूचा आरसा आत मिटला. थांबून मागे पाहिलं तर रस्त्याच्या कडेला एक सायकल आडवी पडली होती, तिचं मागचं चाक अजून फिरत होतं, आणि काळ्या स्वेटरातला, डोक्याला मफलर गुंडाळलेला एक माणूस मनगट धरून बसला होता. रात्रपाळीला निघालेला चौकीदार. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण लिहू का असं त्याला विचारलेलं नाही.

तो पहिलं वाक्य बोलला ते असं: "गलती हमारी है बाबूजी, बत्ती नहीं थी."

मनगटाचं हाड मोडलं होतं. दवाखान्याचा खर्च मी केला, कामाचे दिवस बुडतील त्याचे पैसे दिले, त्याच्या मालकाशी फोनवर बोललो. पण खरं सांगायचं तर त्याचं ते वाक्य ऐकताना माझ्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. माझी चूक नाही, असं खुद्द पडलेल्या माणसानंच सांगितलं होतं. त्याचा हात लटकत असताना मला हलकं वाटलं, ही गोष्ट मी पुष्कळ दिवस कुणाला सांगितली नाही.

आई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं विचारलं, "त्याच्या सायकलीला दिवा नव्हता. तुझ्या गाडीला होते ना दोन?"

*

आईला हा प्रश्न सुचला त्याला कारण आहे. तिची निम्मी हयात सायकलच्या दिव्याची वाट पाहण्यात गेली. माझे बाबा गन कॅरेज फॅक्टरीत होते. 1904 साली सुरू झालेला हा कारखाना जबलपूरच्या दुसऱ्या टोकाला, सतपुल्याच्या पलीकडे आहे. आमचं घर मदन महल स्टेशनच्या अलीकडे. जबलपूर तेव्हा सायकलींचं गाव होतं. पाळी सुटली की फाटकातून सायकलींचा लोंढा निघे, आणि रस्त्यावरच्या इतर वाहनांना थांबण्यावाचून गत्यंतर नसे. दुसरी पाळी असली की बाबा नौदरा ब्रिजवरून घरी पोचेपर्यंत अकरा वाजून जात. तोवर लोंढा पांगलेला असे, रस्त्यावर एकटीदुकटी सायकल.

बाबांच्या सायकलीला डायनॅमो होता. आमच्याकडे त्याला 'बाटली' म्हणत, कारण ती दिसायचीच बाटलीसारखी. मागच्या चाकापाशी एका खटक्यावर बसवलेली, खटका दाबला की तिचं डोकं टायरच्या बाजूला टेकायचं आणि चाकाबरोबर फिरायचं. सहा व्होल्ट, तीन वॅट, एवढीच तिची ताकद. त्यातले 2.4 वॅट पुढच्या दिव्याला आणि उरलेले 0.6 मागच्या लाल दिव्याला. मागचा बल्ब उडाला की सगळा जोर पुढच्यावर येई, आणि उतारावर तोही उडे. चढणीवर वेग कमी झाला की उजेड पिवळा पडत पडत तांबूस होई, आणि सायकल थांबली की अंधार.

डायनॅमो टेकवला की पायाला जड जातं, म्हणून बाबा तो सगळ्या रस्त्यात लावत नसत. बाजारातल्या उजेडात उचललेला, आणि दिव्याचे खांब संपले की पायाच्या अंगठ्यानं खटका दाबून खाली. आईला हे ठाऊक होतं. म्हणून संध्याकाळी ते निघताना ती विचारायची, "दिवा लावाल ना?" आणि रात्री गल्लीच्या तोंडाशी डायनॅमोची घुंईऽ ऐकू आली की उठून तवा ठेवायची.

22 मे 1997 ला पहाटे चारनंतर जबलपुरात भूकंप झाला. 5.8 रिश्टरचा. आम्ही सगळे अंगणात आलो, वीज गेलेली, शेजारच्या घराची भिंत कोसळलेली, आणि आत कुणी राहिलंय का हे कुणाला कळेना. टॉर्च कुठे आहे ते सापडेना. बाबांनी सायकल भिंतीपासून ओढली, स्टँडवर लावली, डायनॅमो टेकवला आणि मला म्हणाले, "पायडल मार." मी हातानं पायडल फिरवत राहिलो आणि त्या उजेडात शेजारच्या आजींना बाहेर काढलं. त्या दिवशी शहरात इतकी घरं पडली, तडकली. पण मदन महल किल्ल्याजवळची ती शिळेवर शिळा, जिचा टेकू केवळ ओंजळीएवढा दिसतो, ती हलली नाही. तिची गोष्ट जबलपूरकर पाहुण्यांना आवर्जून सांगतात. आमच्या घरात मात्र भूकंप म्हटला की सायकलचा दिवा आठवतो.

*

मनगट जुळायला दोन महिने लागणार होते. त्या दोन महिन्यांत मी ठरवलं की त्याला चांगला दिवा घेऊन द्यायचा. आणि चांगला म्हणजे कोणता हे कळावं म्हणून, बाबांची सायकल माळ्यावरून काढून दुरुस्त करून घेतली आणि रात्री त्याच रस्त्यावरून चालवू लागलो. पन्नाशी उलटल्यावर.

पहिल्याच रात्री कळलं की दिवा दोन कामांसाठी लागतो आणि ती कामं वेगळी आहेत. एक, मला रस्ता दिसावा. दुसरं, इतरांना मी दिसावं. शहरातल्या उजेडात पहिलं काम थोडक्यात भागतं, दुसरं नाही. दुकानातले दिवे मात्र सगळे पहिल्याच कामाच्या बढाया मारतात. खोक्यावर लुमेनचा आकडा मोठा असतो. लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो रस्त्यावर पडतो की झाडावर, हे त्या आकड्यातून कळत नाही. मी हौसेनं मोठ्या आकड्याचा दिवा घेतला, हँडलला सरळ लावला, आणि समोरून येणारा एक दुचाकीवाला थांबून म्हणाला, "बड्डे, अंधा करोगे क्या?" त्याचं बरोबर होतं. मोटारीच्या दिव्यांना वरच्या बाजूला कापलेला झोत असतो, तसा सायकलच्या दिव्यालाही असावा, असा जर्मनीत नियम आहे. आपल्या बाजारातल्या बहुतेक दिव्यांचा झोत विजेरीसारखा गोल. मग मी तो इतका खाली वाकवला की उजेडाचा डाग पुढे आठ-दहा मीटरवर पडेल. खड्डे दिसले, आणि समोरच्याचे डोळेही वाचले.

मागचा लाल दिवा लुकलुकता ठेवावा की स्थिर? दुकानदार म्हणाला, लुकलुकता, नजरेत भरतो. खरं आहे, नजरेत भरतो. पण अंधारात लुकलुकणारा ठिपका किती लांब आहे आणि कोणत्या बाजूला सरकतोय याचा अंदाज बांधणं अवघड जातं. जर्मनीत तर सायकलला लुकलुकता दिवा चालतच नाही. मी स्थिर ठेवला.

मग कपडे. भडक पोपटी जाकीट घेतलं, आणि मुलाला म्हटलं, चल, पाहू. टेकडीच्या मागच्या बाजूला एक रहदारी नसलेला सरळ रस्ता आहे. मुलगा गाडीत बसला, खालचा झोत लावला, आणि मी सायकल हातात धरून पावलं मोजत लांब गेलो. आधी काळा स्वेटर घालून, त्या रात्री त्याच्या अंगावर होता तसा. चाळीस पावलांवर मुलानं हॉर्न वाजवला, म्हणजे आता दिसत नाहीस. चाळीस पावलं म्हणजे फार तर अठ्ठावीस मीटर.

घरी येऊन कागदावर हिशेब केला. ताशी 50 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ 14 मीटर. दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर 21 मीटर तिथेच गेले. ब्रेक दाबल्यावर थांबायला आणखी चौदाएक. एकूण 35. दिसतो 28 वर. आणि मुलाला तर मी तिथे आहे हे आधीच माहीत होतं; न माहीत असलेल्या माणसाला आणखी उशिरा दिसेल. म्हणजे त्या रात्री मी 50 नं येत होतो तेव्हाच, तो दिसण्याआधीच, सगळं ठरून गेलं होतं. "दिसलाच नाही" हे खरं होतं. पण जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता येईल अशा वेगानं मी येत नव्हतो, हेही तितकंच खरं होतं. आईच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या कागदावर मिळालं. तो कागद मी तिला दाखवला नाही; तिला गरज नव्हती.

पोपटी जाकिटानं फार फरक पडला नाही, याचं मला नवल वाटलं. दिवसा ते डोळ्यांत खुपतं. पण त्याची चमक असते ती सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांमुळे. रात्री ती उरत नाही. रात्री कामाला येतात त्या करड्या दिसणाऱ्या पट्ट्या, ज्यांत काचेचे बारीक मणी किंवा लोलक असतात आणि जो उजेड ज्या दिशेनं येईल त्याच दिशेला तो परत पाठवतात. मांजरीचे डोळे चमकतात तसे. यॉर्कशायरच्या पर्सी शॉ या माणसानं 1934 मध्ये रस्त्यात बसवायच्या अशा काचेच्या डोळ्यांचं पेटंट घेतलं, आणि आजही इंग्रजीत त्यांना मांजरीचे डोळेच म्हणतात.

पट्ट्या कुठे लावाव्या, याचं उत्तर मात्र मला अनपेक्षित होतं. स्वीडनमधल्या उप्सालाच्या गुन्नार योहानसन या मानसशास्त्रज्ञानं 1973 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाच्या सांध्यांवर छोटे दिवे लावून अंधारात चित्रण केलं. माणूस स्थिर असताना पाहणाऱ्यांना नुसते ठिपके दिसले. तो चालू लागला, की क्षणात सगळ्यांनी ओळखलं, हा माणूस आहे. पुढे ऑस्ट्रेलियात संशोधकांनी हीच गोष्ट रात्रीच्या सायकलस्वारांवर तपासली. नुसत्या चमकत्या जाकिटापेक्षा, जाकिटाबरोबर गुडघ्यांना आणि घोट्यांना पट्ट्या असलेले स्वार वाहनचालकांना कितीतरी जास्त वेळा ओळखता आले. छातीवरची पट्टी खांब असू शकते, फलक असू शकतो. वरखाली होणारे दोन घोटे म्हणजे पायडल मारणारा माणूसच.

आम्हीही करून पाहिलं. घोट्यांना पट्टे बांधून मी सायकलवर बसून लांब लांब गेलो. रस्ता वळतो तिथपर्यंत गेलो तरी हॉर्न वाजला नाही.

पट्ट्यांच्याही मर्यादा आहेत. त्यांच्यावर कुणाचा तरी दिवा पडावा लागतो; गल्लीतून आडवी येणारी गाडी ऐन तोंडाशी येईपर्यंत त्या काळ्याच राहतात, म्हणून पुढे स्वतःचा दिवा हवाच. ट्रकवाल्याला त्या मोटारवाल्यापेक्षा मंद दिसतात, कारण तो आपल्या दिव्यांच्या बराच वर बसतो आणि परत जाणारा उजेड दिव्यांकडे जातो, त्याच्या डोळ्यांकडे कमी. आणि चिखल बसला की त्या मेल्या. दर आठवड्याला ओल्या फडक्यानं पुसायला हव्यात.

*

फेब्रुवारीत त्याचं प्लॅस्टर निघालं. मी पुढचा आणि मागचा असे दोन चार्जिंगचे दिवे, घोट्यांचे पट्टे आणि जाकीट घेऊन त्याच्या घरी गेलो. एका खोलीचं घर, बाहेर सायकल साखळीनं खिडकीच्या गजाला बांधलेली. बायकोनं चहा दिला. दिवे कसे लावायचे ते मी दाखवलं. सगळ्यांनी लक्षपूर्वक पाहिलं. मी फार समाधानानं घरी आलो.

तीन आठवड्यांनी तो मला रात्री त्याच रस्त्यावर दिसला. काळा स्वेटर, मफलर, आणि दिवा नाही. या वेळी मी 30 नं चाललो होतो म्हणून दिसला. गाडी बाजूला घेतली. मला राग आला होता, आणि तो लपवताही आला नाही. त्यानं सायकल उभी केली आणि शांतपणे कारणं सांगितली. कामाच्या जागी सायकल रात्रभर फाटकाबाहेर असते. निघणारा दिवा निघतोच, मागचा दुसऱ्याच दिवशी गेला. पुढचा म्हणून तो घरी ठेवतो. वीज गेली की मुलगी त्याच्या उजेडात अभ्यास करते, यंदा तिची दहावी आहे. चार्ज करायचा तर कामावर प्लगला हात लावायला परवानगी नाही. जाकीट बरं आहे, पण ते घातलं की फाटकावर पोरं हसतात. घोट्यांचे पट्टे? ते पॅंटच्या खाली जातात, ध्यानात राहत नाही.

सांगताना त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. मी एवढे दिवस लुमेन, झोत, उप्साला असा अभ्यास करून जे विकत घेतलं होतं ते माझ्यासाठी होतं. ज्याची सायकल रात्री घरात असते, ज्याच्या टेबलाशी प्लग आहे, आणि जो हौसेनं बाहेर पडतो, त्याच्यासाठी. जबलपुरात रात्री सायकल चालवणारे बहुतेक तसे नाहीत. ते चौकीदार आहेत, हॉटेलात भांडी घासून परतणारे आहेत, पहाटे दूध आणि पेपर टाकणारे आहेत.

त्याच्या सायकलीला काय लागेल याचा मी नव्यानं विचार केला. न निघणारं, चार्जिंग न लागणारं, ध्यानात ठेवावं न लागणारं. उत्तर एका ट्रकच्या सामानाच्या दुकानात मिळालं. ट्रकवर चिकटवतात ती चमकणारी पट्टी तिथे मीटरवर मिळते. ट्रकला पुढे पांढरी, मागे लाल आणि बाजूला पिवळी, असा नियमच आहे. तिन्ही रंगांची थोडी थोडी घेतली. एका रविवारी दुपारी आम्ही दोघांनी त्याची सायकल रॉकेलनं पुसली आणि पट्ट्या चिकटवल्या: मागच्या मडगार्डवर लाल, पुढे हँडलखाली पांढरी, फ्रेमच्या दांड्यांवर पिवळी. आणि पायडलच्या क्रँकवर, दोन्ही बाजूंनी, पुढून-मागून दिसतील अशा बारीक पट्ट्या. घोटे विसरतील, क्रँक कुठे जाणार? ती पायाबरोबर फिरणारच. नव्या सायकलींना पायडलमध्ये पिवळे चौकोन येतात ते याच कामाचे. त्याच्या पायडलचे कधीच फुटून गेले होते. 2020 मध्ये केंद्र सरकारनं सायकलच्या रिफ्लेक्टरांच्या दर्जाबद्दल आदेश काढला, पण तो नव्या मालासाठी. वीस वर्षं जुनी, तिसऱ्या हातातली सायकल कुठल्या आदेशात बसत नाही.

पुढच्या दिव्याचा प्रश्न राहिला. तो मी घरी आईपुढे काढला. ती म्हणाली, "बाटली आहे ना."

बाबांचा डायनॅमो त्यांच्या सायकलीवरून काढताना मला जड गेलं, हे कबूल करतो. नट गंजले होते. आई शेजारी खुर्चीवर बसून होती, काही बोलली नाही; फक्त बल्ब कुठला लागेल हे विचारलं. मिस्त्रीनं जुन्या दिव्यात एलईडी बसवून दिला, त्यामुळे तेवढ्याच विजेत उजेड पुष्कळ वाढला. डायनॅमो बोल्टनं घट्ट कसला. पाना घेऊन बसल्याशिवाय तो निघणार नाही. चौकीदारानं गल्लीत एक चक्कर मारली आणि परत येऊन म्हणाला, "भारी चलती है." मी हसलो. पायाच्या अंगठ्यानं खटका कसा उचलायचा ते दाखवलं, आणि कुठे उचलला तरी चालेल, कुठे नाही, तेही सांगितलं.

*

2025 च्या ऑगस्टमध्ये दमोह नाक्यापासून मदन महलपर्यंतचा उड्डाणपूल सुरू झाला. सुमारे सात किलोमीटर लांब. आमच्या भागातल्या गाड्या आता वरून जातात, दिव्यांनी झगमगलेल्या. मीही जातो. सायकली खालून जातात, खांबांच्या सावलीतून, जिथे एका खांबाकडून दुसऱ्याकडे जाईतो उजेड-अंधार-उजेड होत राहतो. हिवाळ्यात रात्री मी आता शक्यतो खालूनच येतो, 30 नं. मागचे हॉर्न वाजवतात.

या जानेवारीत एका रात्री धुकं होतं. मेडिकलकडून येताना पुढे बरंच लांब दोन ठिपके दिसले, एक वर, एक खाली. मग खालचा वर, वरचा खाली. मी ब्रेकवर पाय ठेवला. जवळ गेलो, डिपर दिला नाही, उजवीकडे पुरेशी जागा सोडून पुढे निघालो. आरशात एक पांढरा दिवा बराच वेळ मागे येत होता, चढणीला मंद होत, पुन्हा उजळत. तो तोच होता की दुसरा कुणी, ते कळलं नाही.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "आज उशीर?" म्हटलं, "हळू आलो."